दुखणं एक, वाटा दोन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेला तिथल्या शेतात घट मांडतात. मातीत गोल आळं करायचं, भोवती अठरा धान्यं ठेवायची, मधोमध ढेकळं आणि त्यांच्यावर पाण्याची घागर. घागरीवर पापड, पुरी, सांडई, कुरडई. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या आत, कोणता दाणा कुठं सरकला ते पाहून भाकीत सांगितलं जातं. पाऊस किती पडेल, कपाशी कशी होईल, ज्वारीला भाव मिळेल का. विज्ञान मानणारी मंडळी या भाकितावर टीका करतात आणि ती टीका मला पटते. पण तिथं जमलेल्या शेतकऱ्याचं मनही मला कळतं. पेरणीच्या आधी पुढचं थोडं तरी दिसावं, ही माणसाची फार जुनी भूक आहे.

आज मी एका वेगळ्या भाकिताबद्दल बोलणार आहे. पुरुषाच्या देहात प्रोस्टेट नावाची एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यात कॅन्सर सापडला, तर तो पुढं कोणत्या चालीनं जाईल, हे आधी ओळखता येईल का? आणि त्या ओळखीप्रमाणे उपचार कमीजास्त करता येतील का? जगभरचे संशोधक गेली साठ वर्षं या प्रश्नाच्या मागं आहेत. आपल्या मुंबईतही त्यावर मोठं काम झालं आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो, कारण हे दुखणं मी फार जवळून दोनदा पाहिलं. एकदा माझ्या चाचांच्या घरात आणि एकदा माझ्या एका मित्राच्या घरात. मित्र निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. दोघांच्या कागदांवर दुखण्याचं नाव एकच होतं. दोघांच्या वाटा मात्र अगदी निराळ्या निघाल्या. त्या तशा का निघाल्या, हे समजून घेताना मी जे वाचलं, विचारलं, ऐकलं, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

आधी ही ग्रंथी कुठं असते ते पाहू. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, अक्रोडाएवढी ही ग्रंथी बसलेली असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातला काही द्रव ही ग्रंथी तयार करते. पुस्तकात तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण घरात तिला नावच नाही. आपण पोटाबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो, साखरेबद्दल तर चहा पिता पिता बोलतो. या ग्रंथीबद्दल बोलायची वेळ आली की पुरुषमाणूस खाली बघतो. ज्याला घरात नाव नाही, ते दुखणं घरात सांगायचं कसं?

वय वाढलं की ही ग्रंथी बहुतेकांची वाढते. मधून जाणारी नळी दाबली जाते. धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, जाऊन आलं तरी थेंब थेंब येत राहतात. ही वाढ कॅन्सर नव्हे. ती वयाची साधी वाढ आहे आणि तिच्यावर चांगल्या गोळ्या आहेत, शस्त्रक्रियाही आहे. उलट प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. तो ग्रंथीच्या बाहेरच्या भागात मुकाट बसलेला असतो. त्रास आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही आणि त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही असंही नाही. ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

पण साध्या वाढीचा त्रासही माणसाला आतून पोखरतो. माझे चाचा पाच वेळचे नमाजी. साठी उलटल्यावर त्यांनी मशिदीत जाणं हळूहळू कमी केलं. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. खरं कारण फार उशिरा कळलं. वजू करून सफेत उभं राहावं आणि थेंब गळावा, की वजू राहत नाही. चारचौघांतून पुन्हा पुन्हा उठून जायची त्यांना लाज वाटायची. खरं तर ज्याचे थेंब थांबत नाहीत तो माजूर. त्यानं प्रत्येक नमाजाच्या वेळी नवा वजू करावा आणि नमाज अदा करावी, एवढी सवलत धर्मानंच दिलेली आहे. कुणा जाणत्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सुटणारी अडचण होती. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागतं.

गुरुजींचंही तेच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, तिच्यात ते वर्षानुवर्षं चालत. एका वर्षी त्यांनी वारी सोडली. घरी सांगितलं, आता होत नाही. मला मात्र एक दिवस म्हणाले, "चालायचं काही नाही हो, पण दर मैलाला आडोसा कुठून आणू?" एक मशीद सोडून बसला, एक वारी सोडून बसला. दोघांनीही डॉक्टरकडे जायच्या आधी देवाच्या घरी जाणं सोडलं.

चाचांची कंबर दुखायला लागली ती २००९ साली. वर्षभर तेल चोळणं, पट्टा बांधणं, दुखण्याची गोळी घेणं चाललं. पाय लटपटू लागले तेव्हा मोठ्या शहरात नेलं. रक्ताच्या एका तपासणीत आकडा शेकड्यांत आला. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या, मणक्याच्या हाडांत पसरलेला होता.

गुरुजींचं प्रकरण २०१९ चं. लघवीच्या त्रासासाठी मीच त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्रास निघाला साध्या वाढीचा. पण तपासण्या करताना ग्रंथीच्या एका कोपऱ्यात कॅन्सरही सापडला. घरात रडारड झाली आणि त्यात डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, लक्ष ठेवू. गुरुजींच्या बायको माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कॅन्सर हाये म्हनता अन् औषध नाई देत? हे कोन्ती तऱ्हा झाली?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कॅन्सर हा शब्द एकच असला तरी प्रोस्टेटचे कॅन्सर एका जातीचे नसतात. इतर कारणांनी वारलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या शवविच्छेदनात अनेकांच्या प्रोस्टेटमध्ये लहान कॅन्सर आढळले आहेत. ती माणसं त्या कॅन्सरसह जगली आणि भलत्याच कारणानं गेली. दुसरीकडे काही कॅन्सर वर्ष-दोन वर्षांत हाडांपर्यंत धावतात. आमच्याकडे काही नाले बारा महिने तसेच झुळझुळत असतात आणि काही कोरडे वाटता वाटता एका रात्रीत बैल वाहून नेतात. पूल कुठल्या नाल्यावर बांधायचा हे आधी कळलं पाहिजे. सगळ्यांवर बांधायला पैसा नाही आणि बांधकामाचा त्रासही कमी नाही.

ही ओळख पटवण्याची पहिली पक्की रीत अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातल्या डोनाल्ड ग्लीसन या डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. सुईनं काढलेला प्रोस्टेटचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी पेशींची मांडणी पाहिली. तिफणीनं पेरलेल्या शेतात तास कसे सरळ दिसतात! निरोगी ग्रंथीत पेशींची तशी नीट रचना असते. कॅन्सर सौम्य असेल तर रचना थोडी विस्कटते. तो जहाल असेल तर तास उरतच नाहीत, मूठभर बी कुठंही फेकून दिल्यासारखं दिसतं. ग्लीसन यांनी या विस्कटण्याच्या पाच पायऱ्या केल्या, तुकड्यात सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या दोन पायऱ्यांची बेरीज केली आणि ती बेरीज रुग्णाच्या पुढच्या वाटचालीशी ताडून पाहिली. आज त्यात सुधारणा होऊन एक ते पाच असे गट केलेले आहेत. पहिला गट सर्वांत सौम्य, पाचवा सर्वांत जहाल. गुरुजींचा गट पहिला होता, चाचांचा पाचवा.

दुसरी खूण रक्तातली. प्रोस्टेट एक प्रथिन तयार करते, त्याला थोडक्यात पीएसए म्हणतात. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. कॅन्सर असला तर हे झिरपणं वाढतं. अमेरिकेत १९८६ साली या तपासणीला परवानगी मिळाली ती उपचार घेतलेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. रोग शोधायला मदत म्हणून ती १९९४ साली मान्य झाली. पण हे प्रथिन कॅन्सरचं नाही, प्रोस्टेटचं आहे. साध्या वाढीतही ते वाढतं, जंतूंची लागण झाली तरी वाढतं, लघवीची नळी घातली तरी वाढतं. म्हणून पीएसएचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. दारावर कुणीतरी टकटक केली, एवढाच त्याचा अर्थ. पाहुणा आहे की चोर, ते दार उघडून पाहावं लागतं.

पीएसएचा आकडा, ग्लीसनचा गट आणि बोटानं तपासल्यावर लागणारी गाठ या तिन्हींवरून रुग्णांचे कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे असे वर्ग १९९८ पासून केले जातात. त्यात पुढं एमआरआयची भर पडली. २०१७ साली ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की आधी एमआरआय केला तर चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त लोकांची सुईची तपासणी टळू शकते. आता तुकड्यातल्या २२ जनुकांची हालचाल मोजून धोका सांगणारी चाचणीही निघाली आहे. तुकड्याची छायाचित्रं संगणकाला दाखवून, माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या खुणा शोधण्याचं कामही चालू आहे. अशाच एका पद्धतीनं कोणत्या रुग्णाला हार्मोन रोखणाऱ्या औषधाचा खरोखर उपयोग होईल आणि कोणाला होणार नाही, हे आधी सांगता येतं का, याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. घराण्याचा वारसाही पाहिला जातो. बीआरसीए-२ या जनुकात बिघाड असेल तर पुरुषातला हा कॅन्सर जहाल निघण्याची शक्यता वाढते. हाच बिघाड बायकांत स्तनाचा आणि बीजकोशाचा कॅन्सर घडवतो. म्हणून बहिणीला किंवा आईला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर भावानं ते आपल्या डॉक्टरांना सांगायला हवं.

मग भेंडवळचं भाकीत आणि हे भाकीत यांत फरक काय? फरक असा, की इथं सांगितलेलं आधी लिहून ठेवतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहून घडलेल्याशी ताडून बघतात. चुकलं तर चुकलं म्हणून छापतात. आणि इथं कुणी "होईलच" म्हणत नाही. शंभरांत किती, एवढंच सांगतात.

अशी वाट पाहण्याचं मोठं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथं १९९९ ते २००९ या दहा वर्षांत ८२ हजारांवर पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांचा कॅन्सर ग्रंथीतच मर्यादित होता, अशा १,६४३ जणांनी एका प्रयोगात भाग घ्यायचं कबूल केलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट झाले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार आणि तिसऱ्यावर फक्त नियमित देखरेख. सरासरी पंधरा वर्षांनी, २०२३ साली, हिशेब प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं देखरेखीच्या गटात शंभरांत सुमारे तीन गेले, शस्त्रक्रियेच्या गटात दोनाहून थोडे जास्त, किरणांच्या गटात जवळजवळ तीन. म्हणजे फरक नगण्य. देखरेखीच्या गटातल्या अनेकांना पुढं कधीतरी उपचार घ्यावे लागले, पण जवळपास चौथा हिस्सा लोक पंधरा वर्षांनीही कोणत्याच उपचाराविना हयात होते.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देखरेखीच्या गटात कॅन्सर शरीरात पसरण्याचं प्रमाण शंभरात नऊच्या वर होतं, इतर दोन गटांत पाचाच्या आसपास. म्हणजे देखरेख फुकट मिळत नाही. तसे उपचारही फुकट मिळत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक शक्ती कमी होऊ शकते, किरणांनी आतड्याचा, मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो. सौम्य कॅन्सर असलेल्या माणसानं हा तराजू स्वतः हातात घेऊन, डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं.

गुरुजींच्या बायकोला मी हेच सांगितलं. म्हटलं, वहिनी, शेतात साप दिसला की आपण मारायला धावतो. पण तो धामण असेल तर? डॉक्टर म्हणतात, आहे धामण, पण आम्ही रोज फेरी मारू. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडली तर पुन्हा सुईची तपासणी. चाल बदलली की उपचार सुरू. गुरुजींनी वाढीच्या गोळ्या सुरू केल्या, रात्रीचं उठणं कमी झालं आणि कागदांची पिशवी त्यांनी न चुकता सांभाळली.

चाचांची वाट वेगळी होती. तिथं वाट पाहायला वेळच नव्हता.

पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचाराचा पाया शिकागोच्या चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदानं १९४१ साली घातला. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे त्यांनी दाखवलं. ते हार्मोन मुख्यतः वृषणांत तयार होतं. वृषणं काढली, की हाडांतलं दुखणं ओसरतं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसतात. या कामासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आज इंजेक्शननंही हार्मोन थांबवता येतं, पण ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं आणि खर्च चालू राहतो. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते. म्हणून आपल्याकडे गरीब घरांत आजही तोच मार्ग अनेकदा निवडला जातो.

चाचांपुढं हाच प्रश्न आला. ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि म्हणाले, मग मी मर्द कसला राहिलो? आम्ही पुतणे, मुलं गप्प. कुणाला शब्द सुचेना. कवी असून मलाही नाही. शेवटी चाची पुढं झाल्या. आयुष्यात कधी त्यांनी चाचांशी आमच्यासमोर मोठ्यानं बोललेलं मला आठवत नाही. म्हणाल्या, "अपनेकू तुम होना. बाकी कुछ नइं होना." दुसऱ्या दिवशी चाचांनी कागदावर सही केली. आठवड्याभरात दुखणं उतरलं. चाचा उशीला टेकून चहा प्यायले. पण अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं, मन उदास होणं हे या उपचाराचे त्रास असतात आणि तेही त्यांना झाले.

दीड वर्षानं आकडा पुन्हा चढला. हार्मोन नाही तरी कॅन्सर वाढतो कसा? कारण कॅन्सरच्या पेशी दुष्काळात जगायला शिकतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींकडून थोडं हार्मोन मिळवतात, थोडं स्वतःच तयार करतात. चाचा २०१२ साली गेले.

त्यानंतर जे कळलं ते मला राहून राहून टोचतं. तेव्हाची रीत अशी होती, की आधी फक्त हार्मोन थांबवायचं आणि ते चालेनासं झालं की पुढचं औषध द्यायचं. ब्रिटनमध्ये २००५ पासून चाललेल्या एका मोठ्या प्रयोगानं आणि त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या प्रयोगांनी २०१५ ते २०१७ या काळात दाखवलं, की दुसरं औषध अगदी सुरुवातीलाच जोडलं तर माणसं जास्त जगतात. अबिराटेरॉन नावाची गोळी पेशींचं ते चोरून हार्मोन बनवणं रोखते. १,९१७ रुग्णांच्या अभ्यासात, फक्त जुना उपचार मिळालेले शंभरांतले ७६ जण तीन वर्षांनी हयात होते, तर ही गोळी सुरुवातीपासून मिळालेले ८३. सात माणसांचा फरक. सात घरं. चाचांच्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोष कुणाला देणार? पण आज माहीत आहे, म्हणून आज विचारलं पाहिजे.

या गोळीच्या खर्चाबाबत २०१८ साली एक छोटा पण लक्षात राहणारा अभ्यास आला. ही गोळी एरवी उपाशीपोटी हजार मिलिग्रॅम घेतात. ७२ रुग्णांच्या या अभ्यासात निम्म्यांना फक्त २५० मिलिग्रॅम, पण हलक्या न्याहारीबरोबर दिली. पीएसए उतरवण्यात ती कमी पडली नाही. अन्नाबरोबर औषध जास्त शोषलं जातं, एवढंच त्यातलं तत्त्व. अर्थात अभ्यास लहान होता आणि मोजला तो पीएसए, आयुष्य नव्हे. हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं गोळी कमी करू नये, अन्नाबरोबर पूर्ण मात्रा तर मुळीच घेऊ नये. पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आता मुंबईकडे येतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न घेतला. कॅन्सर प्रोस्टेटमध्येच दिसतो, पण तो जहाल आहे आणि ओटीपोटातल्या लसिका गाठींत लपला असण्याचा धोका मोठा आहे. अशा रुग्णाला किरण फक्त प्रोस्टेटवर द्यावेत की ओटीपोटावरही? जगात यावर अनेक वर्षं वाद होता. २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्ण या प्रयोगात आले. निम्म्यांना एक उपचार, निम्म्यांना दुसरा, आणि हार्मोन थांबवण्याचा उपचार किमान दोन वर्षं सगळ्यांनाच. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी, पीएसए पुन्हा न चढलेल्यांचं प्रमाण फक्त प्रोस्टेटवर किरण घेतलेल्यांत शंभरात ८१ होतं. ओटीपोटावरही घेतलेल्यांत ९५. एकूण जगण्यात तोवर ठळक फरक दिसला नव्हता आणि मूत्राशयाचा त्रास दुसऱ्या गटात थोडा जास्त होता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण धोका आधी नीट ओळखला, तर उपचाराची व्याप्ती त्याप्रमाणे ठरवता येते, हे या प्रयोगानं दाखवलं. मुंबईतला हा निकाल आज जगभर चर्चिला जातो.

त्याच डॉक्टरांच्या पुढच्या प्रयोगाचा प्रश्न तर थेट आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. या किरणांच्या पंचवीस बैठका असतात, म्हणजे पाच आठवडे. त्याऐवजी मोठ्या मात्रेच्या पाच बैठकांत काम तितकंच चांगलं होईल का? ज्याचं घर परळमध्ये आहे त्याला यातला फरक फारसा कळणार नाही. जो मलकापूरला रात्री गाडीत बसतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहतो, ज्याचा मुलगा रोजंदारी बुडवून बरोबर आलेला असतो, त्याला पाच आणि पंचवीस यांतलं अंतर विचारा. संशोधन केवळ औषधाचं होत नाही, ते माणसाच्या परिस्थितीचंही होतं, हे मला या प्रश्नातून उमगलं.

आणखी एक काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी जोडलेलं आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी द्रव्य लादून शिरेतून सोडलं, की ते नेमकं त्या पेशींपर्यंत पोचतं. याच रीतीनं पेट स्कॅनमध्ये लपलेला कॅन्सर दिसतो आणि ल्युटेशियम-१७७ लादलं तर त्याच्यावर मारा होतो. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केलं जातं. बाकी उपाय थकलेल्या ८३१ रुग्णांवरच्या २०२१ च्या परदेशी अभ्यासात या उपचारानं सरासरी आयुष्य अकरा महिन्यांवरून पंधरा महिन्यांवर गेलं. चार महिने म्हणजे कोणाला थोडे वाटतील. ज्याच्या नातवाची शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आहे, त्याला ते थोडे नाहीत.

मग आपण करायचं काय? पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांनी उद्या रांग लावून पीएसए करावी का? मी तसं म्हणणार नाही. युरोपात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ साली आला. तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले, पण ज्यांचा कॅन्सर कधीच त्रास देणार नव्हता अशाही अनेकांना तो शोधून हाती दिला गेला. तपासणी करावी ती आपलं वय, घराण्याचा इतिहास आणि प्रकृती डॉक्टरांपुढं ठेवून, विचार करून. पण लघवीचा त्रास असेल, लघवीत रक्त दिसलं, किंवा उतारवयात कंबरेचं, हाडाचं दुखणं काही आठवड्यांत हटलं नाही, तर मात्र तेलाच्या बाटलीवर वर्ष घालवू नये. आणि निदान झालंच, तर घाबरून पहिलाच प्रश्न "किती दिवस?" असा विचारू नये. विचारावं, की डॉक्टरसाहेब, गट कोणता? पीएसए किती? पसरला आहे का? माझ्यापुढं वाटा किती आणि प्रत्येक वाटेवर काय गमवावं लागेल? नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला टाटा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. ही चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

हे सगळं भाकीत, सगळे आकडे, सगळ्या गोळ्या यांना एकच गोष्ट आधी लागते. माणसानं तोंड उघडलं पाहिजे. कितीही हुशार यंत्र असो, जो आलाच नाही त्याचं भाकीत ते सांगू शकत नाही. चाचांच्या कंबरेच्या दुखण्याआधी काही वर्षं त्यांनी मशीद सोडली होती. ती खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही विचारलं नाही. म्हणून आता मी माझ्या पाठच्या भावांना, मेहुण्यांना, मित्रांना चहाच्या टपरीवरही विचारतो, रात्री किती वेळा उठता? आधी हसतात. मग एखादा हळूच मागं थांबतो आणि म्हणतो, जरा बोलायचं होतं.

गुरुजींनी पुन्हा वारी धरली. गोळ्या खिशात, तपासणीची तारीख डायरीत. पहिल्याच वर्षी निघताना मला म्हणाले, "कॅन्सरलाही घेऊन चाललोय हो पंढरपूरला. तो माझ्या चालीनं चालतो तोवर चालू दे." मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो आणि परत येताना मशिदीत जाऊन चाचांसाठी दुआ मागितली.